२४ इंची बीएमएक्स क्रूझर: कुठलं चाक, कुठली फ्रेम

बेळगावात काय, निपाणीत काय, सायकल घ्यायला गेलं की दुकानात पहिली परीक्षा ठरलेली: सीटवर बसून पाय टेकतात का? रोजच्या सायकलीला ती पुरते. रेसच्या बीएमएक्स क्रूझरला (उंचवटे-वळणांच्या मातीच्या छोट्या ट्रॅकवर धावणाऱ्या २४ इंची सायकलीला) ती लावली की निवड तिथेच चुकते. या सायकलीवर रेसभर कुणी बसत नाही. सीट खाली, वरच्या नळीला जवळजवळ टेकलेली असते आणि सुरुवातीच्या गेटपासून शेवटच्या रेषेपर्यंत माणूस पेडलवर उभा असतो. त्यामुळे जुळवायचं ते हात, कंबर आणि सायकल यांच्यातलं अंतर. ज्युनियर, एक्स्पर्ट, प्रो आणि प्रो एक्सएल या चारही मापांकडे इथे त्याच नजरेने पाहिलं आहे.

निकाल आधीच सांगतो. पाच फूट चार ते पाच फूट नऊ इंच उंचीच्या माणसाने २१ ते २१.५ इंच टॉप ट्यूबची (वरच्या नळीची) प्रो फ्रेम घ्यावी, ५०७ च्या चाकांवर (हा टायरवरचा आकडा पुढे उलगडला आहे). आपल्या भागात राहून सायकल चालवायची आणि टिकवायची असेल, तर याहून सोयीची जोडी नाही.

क्रूझर म्हणजे नेमकं काय, एवढं आधी स्पष्ट करू. बीएमएक्स रेसिंग २००८ पासून ऑलिंपिकमध्ये आहे आणि तिथे २० इंची सायकलच धावते. क्रूझर हा वेगळा गट. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या नियमात हवा भरलेल्या टायरसकट चाकाचा व्यास किमान ५७ सेंटीमीटर असला की ती क्रूझर. व्यवहारात याचा अर्थ २४ इंची चाक. मोठं चाक खड्डा-उंचवटा सहज ओलांडतं, सायकल सरळ धरते आणि हातांना दणके कमी बसतात. म्हणून वयाने मोठी माणसं आणि उंच मुलं तिच्याकडे वळतात. त्याची किंमत सुरुवातीच्या चार पेडलांत मोजावी लागते: रिम आणि टायरचं वजन मध्यापासून लांब गेल्याने चाक उचल घ्यायला जड जातं.

आता चाक. दुकानात '२४ इंची' म्हटलं की सगळी एकच समजली जातात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. टायरच्या बाजूवरची तांबडी धूळ ओल्या फडक्याने पुसा आणि उजेड तिरका पडेल असा धरून बघा. रबरातच उठवलेले बारीक आकडे दिसतील: ४७-५०७ किंवा असंच काही. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमवर टायर बसते त्या जागेचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. २४ x १.७५ असं लिहिलेलं टायर ५०७ चं असतं. २४ x १ असं बारीक टायर ५२० चं, ते लहान मुलांच्या हलक्या क्रूझरवर येतं. २४ x १ ३/८ हे ५४० चं, व्हीलचेअरला असतं तसं. तिन्ही '२४ इंची', आणि एकाचं टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. ट्यूब एकवेळ ओढूनताणून चालवता येईल, टायर कधीच नाही.

आमचं मत ५०७ च्या बाजूने आहे आणि कारण सरळ आहे. मुलांच्या २४ इंची जाड टायरच्या सायकली गावोगाव विकल्या जातात, त्यांना हीच रिम असते. म्हणून २४ x १.७५ ते १.९५ ची ट्यूब साध्या दुकानातही मिळण्याची शक्यता असते. ५२० ची ट्यूब मागवून घ्यावी लागते, आणि रेसच्या आदल्या संध्याकाळी ती फुटली तर सायकल घरी राहते. ५२० घ्यायचंच असेल तर सव्वाचार-साडेचार फुटांच्या, अंगाने हलक्या मुलासाठी घ्या. तिथे चाकाच्या वजनातला फरक पायांना खरंच जाणवतो. मात्र दोन टायर आणि चार ट्यूब सायकलीबरोबरच मागवून ठेवा.

टायरची रुंदी आपल्या मातीवर ठरवा. खानापूर-जांबोटीकडची तांबडी माती आणि मुरूम उन्हाळ्यात घट्ट बसतो, वर बारीक खडी सुटते. तिथे पुढे १.९५ आणि मागे १.७५ ही जोडी चांगली पकड देते. बैलहोंगल-सौंदत्तीकडची काळी माती ओली झाली की टायरला थरावर थर चढतो. तिथे रुंद टायर घातलं तर चेनस्टेच्या (क्रँकपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या) नळ्यांमध्ये चिखल कोंबला जातो आणि चाक जागच्या जागी थांबतं. मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंना किमान ६ मिमी मोकळी जागा हवी. ती १.७५ ला मिळते, २.१२५ ला बहुतेक रेस फ्रेममध्ये मिळत नाही. हवा साधारण साठ किलोच्या माणसाला मुरमावर ४५ ते ५५ पीएसआय, घट्ट रोलर फिरवलेल्या ट्रॅकवर ७० च्या पुढे, पण टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या आतच.

फ्रेमकडे वळू. इथे सर्वांत जास्त वेळ घालवा, कारण टायर बदलता येतं, फ्रेम नाही. कंपन्यांची नावं (ज्युनियर, एक्स्पर्ट, प्रो, एक्सएल) एकमेकांशी जुळत नाहीत. एकीची प्रो दुसरीच्या एक्सएलएवढी निघते. म्हणून नाव बाजूला ठेवून टॉप ट्यूबची लांबी विचारा. अंदाज असा: साडेचार फुटांच्या आसपास ज्युनियर, १८ ते १९ इंच. चार फूट आठ ते पाच फूट तीन एक्स्पर्ट, १९.५ ते २०.५ इंच. त्यापुढे पाच फूट नऊपर्यंत प्रो. पाच फूट नऊच्या वर प्रो एक्सएल, २१.७५ ते २२ इंच. सव्वाचार फुटांच्या खालच्या मुलाला क्रूझर घेऊच नका, २० इंचीच द्या.

दोन मापांच्या सीमेवर असाल तर? गेटवर ताकदीने उसळणारा, हात लांब असलेला माणूस मोठं माप घेऊ शकतो. नवखा असेल, किंवा उड्या आणि पुढचं चाक उचलून उंचवटे पार करणं अजून शिकायचं असेल, तर लहान माप. आणि पोराला 'वाढत्या अंगाची' फ्रेम घेऊ नका. शर्टाच्या बाह्या दुमडता येतात. लांब फ्रेमवर पोरगं हँडलला लोंबकळतं, कंबर मागे नेता येत नाही, आणि पहिल्याच उतारावर वजन पुढे राहून ते हँडलवरून फेकलं जातं. एक्स्पर्टवरून प्रोवर जाताना फ्रेम विकावी लागेल हे आधीच धरून चाला.

टॉप ट्यूबच्या आकड्यातही एक खोट आहे. सीटची नळी किती कललेली आहे त्यावर तो बदलतो, आणि उभं राहून चालवताना सीटच्या नळीचा काही संबंधच येत नाही. दोन फ्रेमची खरी तुलना करायची तर गवंड्याचा ओळंबा आणा. सायकल सपाट फरशीवर भिंतीला सरळ उभी करा, दोन्ही चाकांत सारखी हवा ठेवा. चिमटा ज्या नळीत फिरतो तिच्या वरच्या टोकाच्या मधोमध दोरा धरा, ओळंबा स्थिर झाला की फरशीवर खडूने खूण करा. मग क्रँकच्या एक्सलच्या मधून ओळंबा सोडून दुसरी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे रीच, उभ्या माणसाला मिळणारी खरी जागा. सध्याची २० इंची सायकल अंगाला नीट बसत असेल तर तिचा रीच असाच मोजा, हँडल आणि स्टेमही (हँडल धरणारा तुकडा) लक्षात घ्या, आणि नव्या क्रूझरचा रीच त्याच्या जवळपास ठेवा. मिस्त्रीअण्णांना आधी नवल वाटेल, पण दोरा खोटं बोलत नाही हे त्यांनाही माहीत असतं.

मागची बाजूही मोजा: क्रँकच्या मध्यापासून मागच्या एक्सलपर्यंत. क्रूझरवर ती साधारण १५.२ ते १६ इंच असते. लांब असेल तर गेटवरून सुटताना पुढचं चाक उचललं जात नाही आणि सरळ पट्ट्यात सायकल थरथरत नाही. आखूड असेल तर पुढचं चाक सहज वर येतं, उंचवट्यांच्या रांगेत मजा येते. मागच्या पट्टीतल्या खाचेत एक्सल पुढेमागे सरकतो, म्हणून हे माप एक्सल खाचेच्या मध्यावर ठेवूनच घ्या. चेनची एक पूर्ण जोडी काढली की एक्सल सुमारे अर्धा इंच पुढे येतो, हाफ लिंकने (अर्ध्या कडीने) पाव इंच. चेन बसवताना याच हिशोबाने एक्सल मध्यावर आणा. टोकाला राहिला तर चेन ताणायला जागा उरत नाही.

फ्रेम हातात आली की चढून तपासा. क्रँक जमिनीला समांतर ठेवून पेडलवर उभे राहा, कुणाला तरी सायकल धरायला सांगा. हँडल पूर्ण वळवा: पुढच्या पायाचा पंजा टायरला लागता कामा नये. क्रूझरचं चाक मोठं असल्याने छोट्या फ्रेममध्ये हा त्रास हमखास होतो. मग कंबर मागे न्या, सीटच्या मागे, हात जवळजवळ सरळ. तिथे जाता आलं नाही तर फ्रेम लांब आहे. गुडघे हँडलला आपटत असतील तर आखूड. हँडलची उंची २० इंचीवरची आठ इंच तशीच ठेवू नका. मोठ्या चाकामुळे समोरची बाजू आधीच सुमारे ५० मिमी वर आलेली असते, म्हणून क्रूझरला साडेपाच-सहा इंचाचं हँडल पुरतं.

गिअरबाबत जवळजवळ प्रत्येक जण अडतो. २० इंचीवर चालणारी ४४-१६ ची जोडी (पुढे ४४ दाते, मागे १६) क्रूझरवर तशीच लावली तर काय होतं ते आकड्यांतच बघा. २० x १.७५ चाकाचा घेर सुमारे १.५१५ मीटर, २४ x १.७५ चा सुमारे १.८९ मीटर. क्रँकच्या एका फेऱ्यात पहिली ४.१७ मीटर जाते, दुसरी ५.२० मीटर. म्हणजे सपाट रस्त्यावर झकास, गेटवर मात्र पाय अडकल्यासारखे. तेवढंच अंतर हवं असेल तर क्रूझरवर ४०-१८ लावा, ते ४.२० मीटर येतं. मऊ मातीत किंवा नवख्या माणसाला ३८-१८, म्हणजे चार मीटरला थोडं कमी. पुढचा एक दाता बदलला की साधारण दहा सेंटीमीटर फरक पडतो, त्यामुळे ३८, ३९, ४० ची तीन चेनव्हील जवळ ठेवली की हवा तसा बदल करता येतो. १८ दात्यांची फ्री (मागच्या चाकावरचं फ्रीव्हील) हिशोबात धरण्यामागे कारण आहे: साध्या घोडा सायकलीला तीच असते आणि स्क्रूच्या हबवर (हब म्हणजे चाकाचा मधला भाग) अडीअडचणीला बसते. पकड उशिरा घेते, म्हणून रेसला चांगली फ्रीच ठेवा. कॅसेट हब (फ्रीची यंत्रणा हबच्या आतच असलेला) असेल तर हा मार्ग बंद.

हबमध्ये तडजोड नको. रेस फ्रेमची मागची रुंदी ११० मिमी असते, गिअरच्या सायकलीचा हब १३५ पर्यंत जातो. 'फाकवून बसवतो की' असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. ॲल्युमिनियमच्या नळ्या फाकवल्या की जोडाजवळ तडा जातो. पुढचा चिमटा १० मिमी एक्सलचा आहे की २० मिमी आरपार एक्सलचा, हेही चाक मागवण्याआधी बघा. ब्रेकचे खुंट ५०७ साठी जोडलेले असतील तर ५२० ची रिम साडेसहा मिमी वर जाते, आणि ब्रेकचं रबर रिमच्या कडेखाली, आऱ्यांच्या बाजूला जातं. क्रोमची लोखंडी रिम तर टाळाच. आपल्या पावसात ओल्या क्रोमवर ब्रेक नुसता घसरतो.

राहिली ती दुकानात 'बीएमएक्ससारखीच आहे' म्हणून पुढे केली जाणारी २४ इंची मुलांची सायकल. रोजच्या वापराला चांगली, टायर-ट्यूबच्या बाबतीत तर सोयीची. पण तिची मागची बाजू लांब, समोरची नळी कललेली, सीट उंच ठेवण्यासाठी बनवलेली, आणि वजन रेसच्या सायकलीपेक्षा बरंच जास्त. तिच्यावर वळणं आणि पेडलिंगचा सराव करा, उड्या मारू नका. २० इंची बीएमएक्स फ्रेममध्ये २४ ची चाकं घालण्याचा सल्लाही मिळेल: मागच्या दोन नळ्यांना जोडणारा पूल आड येतो, आणि जिथे कसंबसं बसतं तिथे क्रँक सुमारे ५० मिमी वर जाऊन सायकल वळणात डगमगते. पैसे मर्यादित असतील तर जुनी, पण खरी प्रो २४ फ्रेम शोधा. समोरच्या नळीखालचा जोड आणि मागच्या पट्ट्या नखाने चाचपून तडा नाही ना ते बघा, रंगाखाली उठलेली बारीक रेष दिसली तर ती फ्रेम सोडून द्या.