निळ्या मॅक्सिमाचे साडेनऊ हजार

मालवणात आमच्या ओटीवर तीन फुटांचा समुद्री टँक आहे. चार वर्षं तो मी जिवापाड सांभाळतोय. गेल्या मार्चमध्ये त्यात मॅक्सिमा क्लॅम, म्हणजे रंगीत झालरीचा जिवंत समुद्री शिंपला, आणायच्या ओढीने मी फसलो. साडेनऊ हजार रुपये गेले आणि एक जीव डोळ्यांदेखत गेला. ज्याने फसवलं त्याचा धंदा अजून चालू आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

विक्रेत्याने व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला होता. शिंपल्याबाहेर पसरलेली गर्द निळी मांसल झालर, कडेला सोनेरी ठिपके, पूर्ण उमललेला शिंपला. "परदेशात हॅचरीत वाढवलाय, आयातीचे पेपर्स आहेत, टेन्शन घेऊ नका दादा." मागोमाग शिक्क्याचा एक अंधुक कागदही आला. मी शिक्का बघितला, कागद वाचला नाही. यूपीआयवर पैसे टाकताना समोर भलत्याच बाईचं नाव दिसलं. "वहिनीचा अकाउंट आहे" म्हणाला, मी मान्य केलं. तिथेच थांबायला हवं होतं.

रात्रीच्या बसने थर्माकोलचा डबा आला. शिंपला अडीच इंचांचा. पिशवी टँकच्या पाण्यात तरंगत ठेवली, हळूहळू पाणी मिसळत नेलं, मग त्याला दिव्याखाली सपाट दगडावर ठेवला. मॅक्सिमाला उजेड भरपूर लागतो, कारण त्याच्या झालरीत सूक्ष्म शैवाल राहतं आणि त्याने उजेडावर बनवलेल्या अन्नावरच त्याचं मुख्यतः पोट भरतं. पहिल्या दिवशी झालर अर्धीच बाहेर आली. दुसऱ्या दिवशी तासभर पूर्ण पसरली तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना हाका मारून दाखवली.

तिसऱ्या दिवशी पाणी आत घ्यायचं त्याचं तोंड आ वासल्यासारखं उघडं राहिलं. झालरीच्या कडेला बारीक डोळे असतात, त्यामुळे धडधाकट क्लॅमवरून हाताची सावली गेली की तो चटकन अंग आक्रसतो. मी चार वेळा हात फिरवला. हालचाल नाही. आई मागे उभी होती. तिने जन्मभर तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, निवडल्यात. म्हणाली, "उघडी तिसरी टोचल्यार मिटाक नाय, तर ती टाकूची." मला राग आला तिचा. पाचव्या रात्री वास सुटला. शिंपला काढला, निम्मं पाणी बदललं, पाणी शुद्ध करणारा कार्बन टाकला. मासे वाचले.

मग तो पालथा करून बॅटरीच्या उजेडात पाहिला. आपल्याकडे शिनाणे हे शिंपले जसे धाग्यांनी खडकाला धरून असतात, तसाच मॅक्सिमाही धरून बसतो. शिंपल्याच्या तळाला फट असते, तिथून त्याचा मांसल पाय आणि धाग्यांचा जुडगा बाहेर येतो. हलवायचा झाला तर धागे दगडालगत धारदार पात्याने कापायचे, ओढायचं नाही. माझ्या शिंपल्यात जुडगा नव्हताच. त्या जागी फाटलेल्या मांसाच्या दोन चिंध्या लोंबत होत्या. कोणीतरी तो हिसकून उपटला होता. पाय मुळातून फाटला की क्लॅम सहसा वाचत नाही, पण लगेच मरतही नाही, काही दिवस काढतो. आणि विक्रेत्याची हमी होती दोन तासांची: "पोचल्यावर दोन तासांत मेला तर पैसे परत."

फोन केला तर म्हणाला, तुमचं मालवणचं पाणी खराब. मी आरओच्या पाण्यात मीठ मिसळून टँक चालवतो. पाण्याचे आकडे पाठवले, सगळे ठीकच होते: क्षारता ३५, तापमान २६, अल्कलिनिटी ८.५, कॅल्शियम ४३०. मग म्हणाला, लाईट कमी पडला. शेवटी सरळच बोलला, "करा तक्रार. पोलीस आधी तुमच्याच दारात येतील."

तेव्हा कुठे मी तो कागद मोठा करून वाचला. त्यावरचं शास्त्रीय नाव शिंपल्याचं नव्हतंच, एका प्रवाळाचं होतं. तारीख जवळजवळ दोन वर्षांपूर्वीची. साइट्सचा, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, निर्यात परवाना सहा महिनेच चालतो. आणि मॅक्सिमा आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, २००१ मध्येच तो त्या यादीत आला. या माणसाचा सगळा धंदा आपल्या भीतीवर उभा आहे. घेणारा अडकलेला असतो, तो तोंड उघडणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी वनविभागाच्या कचेरीत जाऊन घडलं ते सगळं लिहून दिलं, शिंपला जमा केला आणि पैशांसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पैसे अजून आलेले नाहीत. पण आता त्याच्या धमकीत दम राहिला नाही, एवढं सुटल्यासारखं वाटलं.

ज्यांच्या मनात क्लॅम आहे त्यांना कळकळीने सांगतो, आधी वनविभागात जाऊन विचारा. प्राण्याचं नाव, तारीख आणि पुढे तुमचं स्वतःचं नाव असा कागद होत नसेल तर घेऊच नका, कितीही स्वस्त मिळाला तरी. कायदेशीर मिळत असला तरी आधी व्हिडिओ कॉल लावायला सांगा, त्यावरून हाताची सावली फिरवायला लावा आणि तळाची फट जवळून दाखवायला लावा. तयार केलेला व्हिडिओ चालवून घेऊ नका.

मला आलेला व्हिडिओ गेल्या आठवड्यात एका मित्राला दुसऱ्याच नंबरवरून आला. भाव आता अकरा हजार. सातव्या सेकंदाला डावीकडून एक पिवळा मासा जातो आणि मागच्या काचेवर पंपाची पांढरी वायर लोंबताना दिसते. तोच शिंपला, तोच मासा. हा व्हिडिओ तुमच्याकडे आला तर पैसे टाकू नका, नंबर जपून ठेवा आणि १९३० ला कळवा.