देवबागची खानावळ: कुर्ल्या पैकीच्या पैकी, पण जेवताना शूटिंग करतात

तारकर्लीहून देवबागला जाताना लागते ही खानावळ, घराच्याच पडवीत पाच-सहा टेबलं. नाव मुद्दाम लिहीत नाही कारण खानावळ चालवणाऱ्या काकींच्या पोटावर पाय द्यायचा नाहीये. आम्ही कणकवलीचे, म्हणजे मालवणी जेवण आम्हाला नवीन नाही, तरी सांगते बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं बरोबर पडलेली, सोलकढी ताज्या नारळाच्या रसाची आणि घरच्या आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची, पावडरवाली नव्हे. आणि कुर्ल्यांचं म्हणजे खेकड्यांचं सांबारं, त्याला तोड नाही. आई ६८ वर्षांची, ती कुर्ली खाताना जगाला विसरते, नांगा, म्हणजे कुर्लीचा पंजा, दाताने फोडून शेवटपर्यंत चोखणार, बोटं चाटणार. कुर्ली तशीच खायची असते.

आठवड्याने मुंबईच्या मामेभावाचा फोन, आत्या फेमस झाली म्हणून. बघते तर खानावळीच्या पेजवर रील, आई नांगा चोखतेय ते स्लो मोशनमध्ये, मागे गाणं, आणि खाली लोकांच्या कमेंट, त्या मी इथे लिहिणार नाही. आईने एकदाच बघितलं, मोबाईल पालथा ठेवला आणि विचारलं, 'ह्यां गावात सगळ्यांनी बघल्यानी काय गो?'

मी फोन केला तर मालकांचा मुलगा म्हणाला ताई, हॉटेल म्हणजे पब्लिक जागा, हय कोणय शूटिंग करता. नंतर काकी फोनवर आल्या, 'माका काय म्हायती नाय गो, ता सगळा झीलच बघता,' त्यांचा आवाज कापत होता, मला त्यांच्यावर राग नाही. रील त्याच संध्याकाळी काढली, पण तोपर्यंत दुसऱ्या दोन पेजनी उचलली होती आणि तिथून ती अजून निघालेली नाही.

आता पब्लिक जागा म्हणजे काय ते बोलूया. कोकणात कोण कोणाला बघत नाही असं कधीच नव्हतं, एसटीतून उतरलं की पारावरून प्रश्न येतोच, कोणाचा चेडू गो तू. पण जो बघतो त्याला आपणही बघतो, तो कोणाचा हे आपल्यालाही माहीत असतं, आणि बघितलेलं चार दिवसांत विरून जातं. मोबाईलमधलं विरत नाही, आणि कोण बघतंय ते आईला कधीच कळणार नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी निकालात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, आणि माणूस सार्वजनिक ठिकाणी आला म्हणून तो आपोआप संपत नाही हेही त्याच निकालात आहे. आयटी कायद्याचं ६६ई कलम मी वाचलं, ते शरीराच्या खासगी भागांपुरतंच आहे, आईच्या रीलला लागत नाही. म्हणून काय झालं, पोलिसात जाता येत नाही म्हणजे करायला मोकळीक असं थोडंच आहे! जेवणाचे पैसे आम्ही दिले आणि जाहिरातही आमचीच केली, न विचारता.

गल्ल्यावर सीसीटीव्ही आहे, त्याला माझी काही हरकत नाही, तो समोर दिसतो, चोरीसाठी आहे हे कळतं आणि ते फुटेज कोणी गाणं लावून टाकत नाही. पर्यटकांनी स्वतःच्या ताटाचे फोटो काढावेत, खुशाल काढावेत. पण दुसऱ्याच्या तोंडावर झूम करायचं असेल तर आधी विचारायला किती वेळ लागतो? बाजूच्या टेबलावर एका बाईचं लहान मूल होतं, तेही त्या रीलमध्ये दिसतंय, तिला तर अजून पत्ताही नसेल.

जेवणाला पाच स्टार, पण एकूण दोनच देतेय, आणि 'विचारल्याशिवाय शूटिंग नाही' अशी पाटी लागली तर मी स्वतः येऊन बदलेन. जाणार असाल तर बसण्याआधीच सांगा की आमचं शूटिंग नको, काकी ऐकतात.

मागच्या रविवारी मालवणला काम होतं, आईला म्हटलं जाऊया काय कुर्ल्या खायला. ती म्हणाली, 'तो मोबाईलवालो आसतलो काय गो थय?' मग पार्सल घेतलं आणि माडाखाली गाडी लावून आतच बसून खाल्लं. आईने नांगा हातात घेण्याआधी काच वर केली.