ओला कचरा : गच्चीवरची कुंडी की दारात येणारी गाडी?

इंदुरात कचरागाडी रोज दारात येत असताना घरी खत करण्याचा खटाटोप कशाला, असे रामबाग किंवा लोकमान्य नगरातल्या एखाद्या गृहिणीने विचारले, तर तो प्रश्न आळसाचा म्हणून उडवून लावता येणार नाही. शहराबाहेर देवगुराडिया येथे फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झालेल्या बायो-सीएनजी (ओल्या कचऱ्यापासून वाहनांचा गॅस बनवणाऱ्या) प्रकल्पाची सुरुवातीची क्षमता दररोज 550 टन ओल्या कचऱ्याची होती, आणि त्यातून दिवसाला सुमारे 17,000 किलो गॅस आणि 100 टन खत मिळावे, अशी त्याची आखणी होती. हवाबंद टाकीत कचरा कुजताना निघणारा मिथेन तेथे वातावरणात न सुटता इंधन म्हणून कामी येतो. घरच्या कुंडीत खत होते, इंधन मिळत नाही. ऊर्जेच्या हिशेबात गाडीचे पारडे त्यामुळे जड ठरते.

कुंडीच्या बाजूनेही मुद्दा आहे. भाजीच्या सालींत बहुतांश पाणीच असते, आणि ते गाडीतून शहराबाहेर वाहून नेण्यात इंधन खर्ची पडते. शिवाय गच्चीवर झाडे असतील, तर प्लास्टिकच्या पिशवीतले विकतचे खत आणणे पुष्कळ कमी होते. मात्र कुंडी लक्ष मागते. बाजूंना भोके पाडलेल्या जुन्या माठात एक वाटी सालींवर दोन वाट्या चुरलेली वाळकी पाने घालावीत, सुरुवातीला थोडे आंबट ताक शिंपडावे आणि तीन-चार दिवसांनी सारे खालीवर करावे. मुठीत दाबल्यावर हाताला ओल लागावी, पण पाणी गळू नये, इतपत ओलावा योग्य होय. मे महिन्यात माठ कोरडा पडतो, तेव्हा पाणी शिंपडावे लागते. पावसाळ्यात झाकण विसरले की आतली हवा संपून दुर्गंधी सुटते, आणि मग शेजाऱ्यांची बोलणी खावी लागतात. पांढरी बुरशी दिसल्यास घाबरण्याचे कारण नाही.

गच्ची नसलेल्या फ्लॅटमध्ये ही उठाठेव करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे ओला कचरा नीट वेगळा करून गाडीत देणेच श्रेयस्कर. झाडांच्या दहा-बारा कुंड्या असलेल्या घराने मात्र साली, चहाचा चोथा आणि निर्माल्य माठात घालावे, आणि उरलेली आमटी, तेलकट पोहे, हाडे गाडीला द्यावीत, कारण शिजवलेल्या अन्नामुळे माठात माश्या व उंदीर येतात. निर्माल्यातले दोरे आणि चमकीचे कागद आधी काढावेत. हे काम दोन्ही पर्यायांत टळत नाही. बाजारातले तीन मजली कंपोस्टरचे संच दिसायला सुबक असले, तरी घरातले दोन गळके माठ तितकेच काम देतात : एक भरला की तो दोन-तीन महिने मुरू द्यावा आणि तोवर दुसरा भरत राहावा.