भाडं बिझनेस क्लासचं, खुर्ची मोडकी आणि नोंद ‘स्वेच्छेने जागाबदल’

आईच्या दोन्ही गुडघ्यांची सांधेबदल शस्त्रक्रिया झाली आहे. पाय खाली सोडून फार वेळ बसली की पोटऱ्या टम्म सुजतात आणि पुढचे दोन-तीन दिवस जिना चढता येत नाही. जर्मनीला ताईकडे जायचं ठरलं तेव्हा ताईने आणि मी पैसे घालून तिच्यासाठी बिझनेस क्लासचं जाण्यायेण्याचं तिकीट काढलं. तिला पाय पसरून आडवं होता यावं, एवढ्याचसाठी. माझं तिकीट इकॉनॉमीचं होतं. हल्ली बऱ्याच घरांत असंच करतात, आईवडिलांना पुढे बसवायचं आणि आपण मागे बसायचं. त्या सगळ्यांनी हे नीट वाचावं.

जाताना मुंबईहून निघालेला लांबचा टप्पा चांगला गेला. पुढे युरोपातल्या युरोपात छोटं विमान होतं. तिथला ‘बिझनेस’ म्हणजे तीन-तीनच्या त्याच रांगा, पायाला जागा तेवढीच, फक्त मधली खुर्ची रिकामी आणि मागे एक पडदा. युरोपातल्या बहुतेक कंपन्या कमी पल्ल्याला हेच विकतात. टप्पा तासाभराचा होता म्हणून सोडून दिलं.

खरा प्रकार परतीच्या रात्री झाला. विमान वर जाऊन स्थिरावलं, जेवणं सुरू झाली आणि एक हवाई सेविका मला शोधत मागे आली. “तुमच्या आईंना त्रास होतोय, जरा येता का?” पुढे गेले तर आई ताठ बसलेली, पाय खाली. खुर्चीची बटणं दाबली तर दिवा लागायचा, पण खुर्ची जागची हलत नव्हती. समोरचा टीव्हीचा पडदाही काळा. सेविकेने खुर्चीचा वीजपुरवठा बंद करून पुन्हा चालू करून पाहिला. मग गुडघ्यांवर बसून खालची दांडी ओढली, तेव्हा पाठ वीतभर मागे गेली आणि अडकली. तिने आणखी जोर लावला नाही. खुर्ची सपाट झाली आणि नंतर सरळच झाली नाही, तर उतरताना आईला तिथे बसता येणार नाही, म्हणाली. बिझनेस क्लासमधल्या बाकीच्या सगळ्या जागा भरलेल्या होत्या. ती मुलगी भली होती. बोलता बोलता सांगून गेली की ही खुर्ची आधीच्या फेरीलाही अशीच होती आणि तशी नोंद केबिनच्या वहीत आहे.

म्हणजे कंपनीला माहीत होतं. तरी चेक-इनच्या वेळी कुणी चकार शब्द काढला नाही. सत्तरी ओलांडलेल्या, व्हीलचेअरवरून आलेल्या बाईला त्याच खुर्चीवर बसवलं. खुर्ची बिघडू शकते, यंत्र आहे. पण बिघडलेली खुर्ची पूर्ण भाड्याने विकायची आणि दारं बंद होईपर्यंत गप्प राहायचं, याला मी फसवणूकच म्हणते.

मग केबिनच्या प्रमुखांनी तोडगा सुचवला. मागे इकॉनॉमीत एक पूर्ण रांग रिकामी आहे, हातांचे दांडे वर करून आईंना तिथे आडवं होता येईल. आई म्हणाली, “राहू दे गं, जाते मी मागे, पाठ टेकली म्हणजे झालं.” उशी-पांघरूण घेऊन आम्ही तिला मागे आणलं. जेवणही मागचंच मिळालं, कारण पुढची ताटं संपली होती. मुंबईपर्यंतचा जवळजवळ सगळा प्रवास तिने तिथे, पाय दुमडून, कुशीवर काढला.

घरी आल्यावर तक्रार केली. आधी दिलगिरीची ठरावीक मेल आली आणि सोबत काही हजार मैल, म्हणजे पुढच्या तिकिटांसाठी वापरायचे कंपनीचे गुण, देऊ केले. ते नाकारून भाड्यातला फरक मागितला, तेव्हा उत्तर आलं की प्रवासी बिझनेस क्लासमध्येच बसले होते, नंतर त्यांनी स्वेच्छेने जागा बदलली, त्यामुळे परतावा लागू होत नाही.

त्या ‘स्वेच्छेने’मध्ये सगळी मेख आहे. तुम्हाला वरच्या वर्गातून खालच्या वर्गात बसवलं, तर कंपनीला जबर पैसे परत द्यावे लागतात. युरोपीय संघाचा २६१/२००४ हा नियम तिथून निघणाऱ्या प्रत्येक विमानाला लागू आहे, कंपनी कुठलीही असो. साडेतीन हजार किलोमीटरच्या वरच्या प्रवासाला त्या टप्प्याच्या भाड्याच्या ७५ टक्के, तेही सात दिवसांत. रोख किंवा बँकेत. व्हाउचर द्यायचं तर प्रवाशाची सही लागते. आपल्याकडे डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, फेब्रुवारी २०२३पासून असाच नियम केला. देशांतर्गत प्रवासाला करांसह तिकिटाच्या ७५ टक्के, आंतरराष्ट्रीय प्रवासाला अंतरानुसार ३०, ५० किंवा ७५ टक्के. हे दोन्ही नियम वर्ग बदलल्यावर लागू होतात. मोडक्या खुर्चीवर बसवून ठेवलं, तर कागदोपत्री वर्ग बदलतच नाही. आणि माणूस हैराण होऊन आपणहून उठला, की कंपनी मोकळी.

म्हणून आपणहून उठू नका. उठावंच लागलं, तर आधी केबिन प्रमुखाकडून लिहून घ्या की खुर्ची नादुरुस्त असल्यामुळे प्रवाशाला खालच्या वर्गात हलवलं. लिहून द्यायला ते टाळाटाळ करतात. मग स्वतः कागदावर वेळ, खुर्चीचा क्रमांक आणि बिघाड लिहून त्यावर त्यांचं नाव मागा. बटण दाबूनही खुर्ची हलत नाही, याचा व्हिडिओ काढा. मी काढला होता आणि आज तोच कामी येतोय. बोर्डिंग पास टाकू नका. पलीकडच्या प्रवाशाचा फोन नंबर मिळाला तर उत्तमच. आणि विमानात बसल्या बसल्या, दारं बंद व्हायच्या आधी, खुर्ची एकदा पूर्ण आडवी करून बघा. तेव्हा जागा बदलून मिळण्याची शक्यता असते, हवेत गेल्यावर नसते.

मैल किंवा व्हाउचर ‘स्वीकारा’ असं बटण मेलमध्ये येतं, ते दाबू नका. २०२४ मध्ये हैदराबादच्या जिल्हा ग्राहक आयोगाने अशाच एका प्रकरणाचा निकाल दिला. तेलंगणाचे तेव्हाचे पोलीस महासंचालक आणि त्यांच्या पत्नी यांच्या बिझनेस क्लासच्या खुर्च्या विजेवर मागे झुकत नव्हत्या. कंपनीने देऊ केलेले मैल त्यांनी नाकारले. आयोगाने भाड्यातली रक्कम व्याजासह परत करायला लावली आणि वर एक लाख रुपये भरपाई दिली. म्हणजे वर्ग कागदावर तोच राहिला, तरी सेवेतली त्रुटी धरता येते.

आम्हीही त्याच वाटेने गेलो आहोत. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार केली. कंपनीने तिथेही तेच उत्तर चिकटवलं, तेव्हा पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्याच जिल्ह्यात दाद मागता येते, कंपनीचं कार्यालय कुठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि अर्ज ऑनलाइन भरता येतो. मुदत मात्र घटनेपासून दोन वर्षांचीच आहे, आणि कंपन्या ‘चौकशी सुरू आहे’ म्हणत महिनेच्या महिने काढतात. त्यांच्या शेवटच्या उत्तराची वाट बघत थांबू नका.