विद्यापीठाचं एमआरआय संशोधन केंद्र: वर्षभराच्या वापरानंतर

अमेरिकेत मेंदूविज्ञान किंवा मानसशास्त्रात पीएचडीसाठी अर्ज करणारी आपल्याकडची मुलं पहिला प्रश्न हमखास हाच विचारतात: तुमच्याकडे किती टेस्लाचं मशीन आहे? टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप; आमच्याकडे ३ टेस्लाचं आहे. बऱ्याच विद्यापीठांत तेच असतं, त्यामुळे या उत्तरातून फारसं काही कळत नाही. मी मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठाच्या केंद्रात गेलं वर्षभर सात ते दहा वर्षांच्या मुलांवर वाचनाचे प्रयोग करतेय. केंद्राचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि मला तिथंच पदवी पूर्ण करायचीय.

मशीन सीमेन्सचं प्रिझ्मा. बोगदा ६० सेंटीमीटर रुंद, ग्रेडियंटची (चुंबकीय क्षेत्र जागेनुसार बदलणाऱ्या तारांच्या गुंडाळ्यांची) ताकद ८० मिलीटेस्ला प्रति मीटर. डिफ्युजन स्कॅन (पाण्याच्या हालचालीवरून मेंदूतले तंतू दाखवणारा) करणाऱ्यांना या ग्रेडियंटचं फार कौतुक, आणि ते योग्यच आहे. आमच्यासारख्या फंक्शनल स्कॅन (काम करताना मेंदूचा कुठला भाग सक्रिय होतो ते दाखवणारा) करणाऱ्यांना जास्त उपयोग होतो तो मिनेसोटा विद्यापीठाच्या केंद्रानं लिहिलेल्या मल्टिबँड सीक्वेन्सचा, म्हणजे स्कॅन कसा घ्यायचा याच्या प्रोग्रामचा. त्यात एका वेळी मेंदूच्या अनेक स्लाइस (पातळ काप) टिपल्या जातात. मेंदूतल्या जोडण्यांचा नकाशा करणाऱ्या ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्टनं अशा आठपट वेगानं अख्खा मेंदू २ मिमीच्या बारकाईनं दर ०.७२ सेकंदाला टिपला होता. आकडा वाचून मोह होतो, पण लहान मुलांसाठी मी तो टाळेन. वेग जितका वाढवाल तितका चित्रातला नॉइज (नको असलेला सिग्नल) वाढतो आणि मूल हललं की गोंधळही जास्त होतो. आम्ही सहापट वेग, २.४ मिमी आणि ०.८ सेकंद यावर थांबलो.

एक गोष्ट कुठल्याही माहितीपत्रकात मिळणार नाही. तुमच्या आधीच्या वेळेत कोण स्कॅन करतंय ते बघून ठेवा. तासभर डिफ्युजन चाललं की ग्रेडियंट तापतात, त्यांच्याबरोबर मशीनमधलं लोखंड तापतं, आणि मग चुंबकीय क्षेत्र हळूहळू सरकत राहतं. त्यानंतर लगेच घेतलेल्या फंक्शनल स्कॅनमध्ये सिग्नल वाहवत जातो. आमच्याच प्रोटोकॉलमध्ये दोन्ही असल्यामुळे फंक्शनल आधी आणि डिफ्युजन शेवटी ठेवलंय. हे मला केंद्रातल्या फिजिसिस्टनं सांगितलं, तेही मी न विचारता. असा माणूस ज्या केंद्रात पूर्णवेळ नोकरीला आहे आणि ज्याच्या खोलीचं दार उघडं असतं, ते केंद्र निवडा. एखादा टेस्ला कमी असला तरी चालेल.

हेड कॉइल (डोक्याभोवती बसणारं, सिग्नल टिपणारं साधन) दोन आहेत, ३२ चॅनेलचं आणि ६४ चॅनेलचं. चॅनेल जास्त म्हणजे कॉइल डोक्याला जास्त जवळ बसतं असं नाही, ते त्या त्या कॉइलच्या घडणीवर ठरतं. लहान डोक्यांना ६४ चालतं, पण फोमच्या उशा नीट खोचाव्या लागतात. आपल्याकडच्या मुलींच्या बाबतीत वेणीचा प्रश्न येतो. मागे अंबाडा किंवा जाड वेणी असली की डोकं वर उचललं जातं आणि हनुवटी छातीकडे जाते. दोन सैल वेण्या घालून पुढे सोडायला सांगा, रबर साधं, आत धातूची चकती नसलेलं.

केंद्रातली सगळ्यात मोलाची वस्तू कुठली विचाराल तर मी मॉक स्कॅनरचं नाव घेईन. आत चुंबक नाही, नुसतं कवच, सरकता पलंग, खोटं हेड कॉइल आणि स्पीकर. वरच्या आरशात कार्टून दिसतं आणि कपाळावर चिकटवलेला सेन्सर डोक्याची हालचाल मोजतो. मूल ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त हललं की कार्टून थांबतं. "हलू नकोस" असं शंभरदा सांगून जे होत नाही, ते पाच मिनिटांत होतं. डेटा तपासताना दोन चित्रांच्या मधली ०.२ मिमीची हालचालसुद्धा आम्हाला खटकते, त्यामुळे हे खेळणं नाही. आवाजाची भीतीही इथंच जाते. आवाज का होतो हे मी मुलांना सांगते: तारांमधून वीज भराभर उलटसुलट जाते, चुंबक त्या तारांना ढकलतं, त्या थरथरतात. पीटर मॅन्सफिल्ड यांनी १९७७ साली मांडलेल्या ज्या झपाट्यानं चित्र टिपणाऱ्या इको प्लॅनर पद्धतीमुळे आमचं हे सगळं काम शक्य झालं, तीच कानाला सर्वात जास्त त्रास देते. शंभर डेसिबलच्या पुढे. कानात बोळे आणि वरून पॅड, दोन्ही लागतातच.

तक्रार इतकीच की मॉक स्कॅनरची वेळ वेगळी बुक करावी लागते आणि तो शनिवारी बंद असतो. शाळकरी मुलांना शनिवारशिवाय कधी आणणार?

सुरक्षेचं प्रशिक्षण कंटाळवाणं वाटेल, पण इथं मला केंद्राची कडक शिस्त आवडली. चुंबक रात्रंदिवस चालू असतं, मशीन स्कॅन करत नसलं तरी. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेल्या तरुणाचा जीव गेला, ती बातमी आपल्याकडे बऱ्याच जणांना आठवत असेल. आमच्याकडे दोन दारं आहेत, मध्ये तपासणी, आणि आतलं दार टेक्नॉलॉजिस्टच उघडते. तिनं नाही म्हटलं तर प्राध्यापकांचंही चालत नाही.

मात्र तपासणीचा फॉर्म इथल्या लोकांना डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे. त्यात पेसमेकर आहे, दातांच्या तारा आहेत, टॅटू आहे. करगोटा नाही. आमच्या प्रयोगात मराठी आणि तेलुगू घरांतली बरीच मुलं येतात, आणि कमरेला चांदीचा करगोटा किंवा दंडाला ताईत आहे हे आईवडिलांच्या लक्षातही नसतं, कारण तो जन्मापासून अंगावर आहे. "धातूचं काही आहे का?" या प्रश्नाला ते मनापासून "नाही" म्हणतात. मुलींच्या कानातल्या फिरकीच्या कुड्या तर काही वेळा घरी निघतच नाहीत, सोनाराकडे जावं लागतं, आणि इथं सोनार कुठून आणणार? सोनंचांदी चुंबकाकडे ओढली जात नाही हे खरं, पण फिरकी कशाची आहे ते कोण सांगणार, शिवाय रेडिओ लहरींनी धातू तापू शकतो. मी आता आदल्या आठवड्यात फोन करून मराठीत एकेक वस्तू नाव घेऊन विचारते: करगोटा, ताईत, वाळे, कुड्या, सोबत येणाऱ्या आईची जोडवी, मंगळसूत्र आणि साडीच्या पिना. केंद्रानं ही यादी फॉर्मला जोडून घेतली, हे त्यांचं चांगलं.

आता मुख्य तक्रार. कोट्यवधींच्या चुंबकाला लावलेला प्रोजेक्टर जुनाट आहे. पडद्याचा एक कोपरा पिवळट दिसतो आणि अक्षरांवर प्रयोग करणाऱ्याला ते परवडत नाही. शेवटी सगळी अक्षरं मधल्या भागात आणून ठेवली. बटणांचा डबा फायबर ऑप्टिकचा आहे, चांगला चालतो, पण मशीनचा ट्रिगर (नवं चित्र सुरू झाल्याची खूण) कॉम्प्युटरला "५" या कीच्या रूपात पोचतो. तुमच्या प्रोग्रामनं ५ हे उत्तर म्हणून धरलं असेल तर मुलानं बटण न दाबताही दर ०.८ सेकंदाला उत्तर नोंदलं जाईल. प्रयोगाच्या कॉम्प्युटरला स्कॅनच्या वेळी अपडेट सुचतात, म्हणून मी आता स्वतःचा लॅपटॉप नेते. चष्मा असलेल्या मुलांसाठी प्लास्टिकच्या फ्रेम आणि अर्ध्या अर्ध्या नंबराची भिंगं ठेवलेली आहेत. सिलिंड्रिकल नंबर असेल तर मात्र त्यांचा उपयोग नाही.

बुकिंगचे नियम आधी वाचा. तासाचा दर पाच-सहाशे डॉलरच्या घरात, आणि चोवीस तासांच्या आत रद्द केलं तर पूर्ण पैसे. मंगल कार्यालयासारखं आहे, लग्न मोडलं तरी भाडं सुटत नाही. मोठ्यांवर प्रयोग करणाऱ्यांना हे जाचक नाही. मुलं मात्र सकाळी उठून तापतात. ग्रँट लिहितानाच अशा वाया जाणाऱ्या तासांचे पैसे धरा. केंद्रानं लहान मुलांच्या प्रयोगांसाठी वेगळा नियम करावा असं आम्ही तीन प्रयोगशाळांनी मिळून लिहून दिलंय, अजून उत्तर नाही.

डेटाबद्दल लिहिण्यासारखं थोडंच आहे, कारण सगळं सुरळीत चालतं. स्कॅन संपल्यावर तासाभरात फाइल सर्व्हरवर येतात, बिड्सच्या (मेंदूच्या स्कॅनच्या फाइल मांडायच्या ठरलेल्या पद्धतीच्या) रचनेत मांडलेल्या. रोज सकाळी फँटम (माणसाऐवजी ठेवलेल्या चाचणीच्या वस्तूचा) स्कॅन होतो आणि त्याचा आलेख सगळ्यांना बघता येतो. एखाद्या दिवसाचा डेटा विचित्र वाटला तर आधी तो आलेख उघडा.

शेवटचा मुद्दा रिपोर्टचा. आपल्याकडच्या पालकांना एमआरआय म्हटलं की फिल्म आणि डॉक्टरांचा रिपोर्ट अपेक्षित असतो. संशोधनाच्या स्कॅनमध्ये तो मिळत नाही. हे स्कॅन निदानासाठी घेतलेलेच नसतात. काही वेगळं दिसलं तरच ते केंद्राशी जोडलेल्या रेडिओलॉजिस्टकडे जातं, आणि गरज वाटली तर तिथूनच पालकांना फोन जातो. संमतिपत्रात हे लिहिलेलं असतं, पण तिसऱ्या पानावर. मी ते पहिल्याच फोनवर सांगते. त्यावर काही पालक येत नाहीत. एका आजोबांनी विचारलं, "मग एवढं मोठं मशीन कशाला?" आणि तरीही नातवाला घेऊन आले, कारण त्याला मेंदूचं चित्र शाळेत दाखवायचं होतं. ते चित्र आम्ही प्रत्येकाला छापून देतो, त्यासाठीचा रंगीत प्रिंटर मात्र प्रयोगशाळेनं स्वतःच्या पैशांनी घ्यायचा.