आठ महिन्यांचा लॅब चावतोय: बोर्डिंगला ठेवावा की ट्रेनर घरी बोलवावा?

पाचव्या महिन्यात 'सिट' म्हणताच बसणारा लॅब्रॅडॉर आठव्या महिन्यात ऐकून न ऐकल्यासारखं करतो. संध्याकाळ झाली की बाही, ओढणी, पोटरी, जे तोंडाला लागेल ते धरतो. घरचे वैतागतात आणि मग दोन पर्याय पुढे येतात: महिनाभर ट्रेनिंग सेंटरला ठेवायचा, म्हणजे बोर्डिंग, नाहीतर ट्रेनर घरी बोलवायचा. दुसऱ्यात कटकट जास्त आहे, तरी माझं मत ठामपणे त्याच बाजूला आहे.

दुधाचे दात सहा-सात महिन्यांपर्यंत पडून जातात, त्यामुळे 'दात येताहेत' हे कारण आता उरत नाही. कुत्रा वयात येतोय, आणि मोठ्या जातींमध्ये हा काळ दीड-दोन वर्षांपर्यंत लांबतो. न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली गाइड डॉग (अंधांना वाट दाखवणारे कुत्रे) होऊ घातलेल्या पिल्लांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाच महिन्यांच्या तुलनेत आठव्या महिन्यात ती सांभाळणाऱ्याचं 'सिट' कमी ऐकत होती, परक्या माणसाचं मात्र ऐकत होती.

बोर्डिंगचं गणित नेमकं इथेच चुकतं. सेंटरवरून व्हिडिओ येतात, कुत्रा ट्रेनरच्या शेजारी शहाण्यासारखा चालतोय, आणि ते खोटं नसतं. पण अडचण ट्रेनरबरोबर नव्हतीच. घरी आल्यावर तोच सोफा, तीच मुलं, तुमचाच आवाज, आणि चावणं पुन्हा सुरू. शिवाय तिथे काय चालतं ते तुम्हाला दिसत नाही. चोक चेनला (ओढली की गळा आवळणारी साखळी) झटके देऊन किंवा शॉक कॉलर (विजेचा झटका देणारा पट्टा) लावून 'सुधारलेला' कुत्रा घाबरून गप्प झालेला असू शकतो. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा पुढे न गुरगुरता थेट चावण्याचा धोका असतो. अमेरिकेतल्या प्राणीवर्तन पशुवैद्यांच्या संघटनेनेही २०२१ मध्ये फक्त बक्षिसावर आधारलेल्या ट्रेनिंगचीच शिफारस केली.

घरात आजारपण किंवा बाळंतपण असेल, पट्टा धरायलाच कुणी नसेल, तर बोर्डिंग समजण्यासारखं आहे. मात्र न कळवता भेटायला येऊ देतात का आणि शेवटी घरच्यांना शिकवतात का, हे आधी विचारा. एकालाही 'नाही' आलं तर तिथे ठेवू नका.

घरी येणारा चांगला ट्रेनर पट्टा लवकरच तुमच्या हातात देतो. बाही धरली तर हात ओढू नका, ओढलात की खेळ सुरू होतो. हात सैल सोडा, बोलू नका, सोडताक्षणी शाबासकी आणि चावायला खेळणं. पुन्हा आला तर दाराआड अर्धा मिनिट. घरातही गळ्यातल्या पट्ट्याला हलकी दोरी लावून ठेवली, तर गळ्याला हात न घालता त्याला बाजूला नेता येतं. असा ट्रेनर झोपेचीही चौकशी करतो. प्रौढ कुत्रासुद्धा दिवसाचे बारा-चौदा तास झोपतो. सतत वर्दळीच्या फ्लॅटमध्ये वाढत्या कुत्र्याला तेवढीही मिळत नाही आणि संध्याकाळचा धुमाकूळ बऱ्याचदा तिथूनच येतो. दुपारी शांत खोली आणि फिरताना मनसोक्त हुंगू देणं यांनी फार फरक पडतो. नसबंदी केली की शांत होईल, असं कुणीतरी सांगतंच. या चावण्यासाठी त्यावर भरवसा ठेवू नका.

तोटा एकच, पण मोठा. ट्रेनर आठवड्यातून तासभर येणार, बाकीचे दिवस तुमचे. तुम्ही बाही सोडायला शिकवताय आणि आजोबा ताटातली पोळी देऊन त्याला गप्प करताहेत, असं चाललं तर पैसे वाया जातात. फी भरण्याआधी घरच्या सगळ्यांना एकदा बसवून बोला.

अंग ताठ करून, भांड्याजवळ गुरगुरून, रक्त येईल असा चावत असेल तर हे दोन्ही पर्याय थांबवा आणि आधी व्हेटकडे जा. कान किंवा सांधा दुखत असला तरी कुत्रा असा वागतो. जखम पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, घरच्या कुत्र्याची रेबीजची लस झालेली असली तरी.