गप्प सभासदांना बोलतं करायचंय: व्हॉट्सअ‍ॅप की टेलिग्राम?

द्राक्ष बागायतदारांचा ग्रुप चालवणाऱ्या मित्राने परवा विचारलं, "वाचतात सगळे, बोलतात चारच. टेलिग्रामवर जाऊ का?" दिंडोरीकडच्या आमच्या ग्रुपसाठी मी दोन्ही वापरलंय, म्हणून सांगतो.

बोलणारे मोजकेच, हे सगळीकडे असतं. वेबसाइट लोक कशा वापरतात याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्येच ढोबळ प्रमाण मांडलं होतं: शंभरातले ९० नुसते वाचतात, ९ अधूनमधून बोलतात, एखादाच सतत लिहितो.

व्हॉट्सअ‍ॅप प्रत्येकाच्या हातात आहे, लिहायचा कंटाळा असलेले काका मळ्यातूनच व्हॉइस मेसेज टाकतात. टेलिग्राम घ्या म्हटल्यावर आमचे बरेच जुने बागायतदार आलेच नाहीत. ग्रुप भावकी-शेजाऱ्यांचा असेल तर व्हॉट्सअ‍ॅप सोडू नका.

आमचं घोडं दुसरीकडेच अडलं. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला, मी डाऊनी या द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाबद्दल विचारलं, "डाऊनी कोणाकडे दिसतोय?" कोणी हूं की चूं केलं नाही. पोल टाकला, तर तीन मतं. मग एकाने बांधावर गाठून सांगितलं, "दादा, ग्रुपवर व्यापारी आहेत. मत दिलं की नाव दिसतं. बागेत डाऊनी आहे म्हटल्यावर भाव पाडायला निमित्तच मिळतं त्यांना." त्यात नंबर उघडा, प्रश्न विचारला की संध्याकाळपासून औषधवाल्यांचे फोन. आणि मी दोन हंगाम "अरे, बोला की" म्हणत त्यांच्या मागे लागलो होतो. फार वाईट वाटलं.

टेलिग्रामवर पोल निनावी ठेवता येतो, सेटिंगमधून नंबरही लपवता येतो. तोच प्रश्न तिथे टाकला, निम्म्याहून जास्त जणांनी "हो" दाबलं. दुसऱ्या दिवशी मोहाडीच्या एका ताईंचा फोटो आला. दोन वर्षांतला त्यांचा पहिलाच मेसेज. पान उलटं धरलेलं, खाली पांढरी बुरशी, कडेला अंगठा. "हा डाऊनीच ना?"

तुमच्या ग्रुपवर व्यापारी, दुकानदार नसतील तर कदाचित एवढा फरक पडणार नाही. आम्ही बाजारभाव व्हॉट्सअ‍ॅपवरच ठेवलाय, रोगकिडीचं सगळं टेलिग्रामवर नेलंय. जाणार असाल तर नंबर लपवायची सेटिंग प्रत्येकाच्या शेजारी बसून करून द्या. आमच्याकडे ज्यांना करून दिली, पहिले प्रश्न त्यांचेच आले.